आईबाबांची मैलागाडी

कामावरून परतलेले बाबा पुढच्या दाराने घरात शिरले, असं मला एकदाही आठवत नाही. मैलागाडी गल्लीच्या तोंडाशी भिंतीला चिकटून उभी राहायची आणि बाबा घराला वळसा घालून मागच्या अंगणात यायचे. तिथे आईने दोन बादल्या पाणी, साबण आणि दोरीवर धुतलेले कपडे आधीच तयार ठेवलेले असत. मळक्या कपड्यांसाठी तिसरी बादली वेगळी, कोपऱ्यात.

"कानामागे!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"लावला."

"नखं?"

"अगं, घासून घासून आता नखं शिल्लक आहेत की नाहीत तेच कळेना."

हे बोलणं रोजचं, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. मग ओल्या केसांचे बाबा मागच्या पायरीवर येऊन बसायचे, हात पुढे करायचे, आणि आई त्यांच्या हाताचा वास घेऊन मगच चहाचा कप त्यांच्या हातात द्यायची. कधीकधी ती उगाचच नाक मुरडून त्यांना परत पाठवायची. त्यांना ते कळायचं. तरी ते जायचे.

बाबा संडासाच्या टाक्या उपसायचे. तेव्हा आमच्या भागात गटाराची लाइन आलेली नव्हती. प्रत्येक घराच्या मागे नाहीतर बाजूला जमिनीखाली टाकी असायची, आणि चार-पाच वर्षांनी ती भरत आली की बाबांना बोलावणं यायचं. गाडी हिरव्या रंगाची होती. मागे मोठी लोखंडी टाकी, दोन्ही बाजूंना दंडाएवढ्या जाड पाइपांची वेटोळी. पंप सुरू झाला की आख्खी गल्ली धडाधड खिडक्या लावून घ्यायची, आणि बाबा मोकळ्या हवेत उभे असल्यासारखे निवांत पाइप धरून उभे राहायचे. लोक त्यांना टाकीकाका म्हणत. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा काकाच म्हणत.

आईची आणि त्यांची गाठही टाकीनेच घातली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिंपी होते. घरातच पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. एके दिवशी संडास तुंबला आणि बाबांना बोलावलं गेलं. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं आणि हाताची घडी घालून लांब जाऊन उभे राहिले. घरातले सगळे नाकाला रुमाल लावून आत पळाले. आई तेवढी दारात उभी राहिली. बावीस वर्षांची होती ती.

"काय करताय?" तिने विचारलं.

"वाट बघतोय."

"कशाची?"

"आतली वाईट हवा बाहेर जायची. अर्धा तास तरी लागेल."

त्या अर्ध्या तासात बाबांनी तिला टाकीबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. वर सायीसारखा जाड थर तरंगतो, मध्ये पाणी राहतं, खाली गाळ बसतो. मधलं पाणी पुढच्या कप्प्यात जातं आणि तिथून शोषखड्ड्यात मुरतं. हे सगळं नीट चाललं तर टाकीला वासही येत नाही. आई म्हणते, इतकं मन लावून तिच्याशी त्याआधी कोणी बोललंच नव्हतं.

मग बाबांनी तुंबलेल्या पाइपात गज घातला, आकडा फिरवला आणि कापडाच्या चिंध्यांचा एक भलामोठा बोळा बाहेर ओढला. लाल, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. आजोबांचा आवाज चढला. "हा उद्योग कुणाचा?" दुकानातला कचरा रोज उकिरड्यावर नेऊन टाकायचं काम आईकडे होतं, आणि गेले काही महिने तिने त्यावर सोपा उपाय शोधला होता. तिचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं आणि आजोबांना म्हणाले, "जुनं दिसतंय हो. आधीच्या भाडेकरूंनी टाकलं असेल."

त्यानंतर वर्षभरात बाबा ती टाकी तपासायला तीनदा आले. वास्तविक तिला चार वर्षं हात लावायची गरज नव्हती. तिसऱ्या खेपेला आजोबा कात्री खाली ठेवून म्हणाले, "आपल्या टाकीची तब्येत फारच नाजूक दिसते." लग्नाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांना ते सोपं गेलं नाही. आठ दिवस ते आईशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी गुपचूप बाबांच्या मापाचा कोट कापायला घेतला, आणि त्यावरूनच घरात सगळ्यांना निर्णय कळला.

बाबांच्या लेखी टाकी म्हणजे पोट होतं. जास्त खाल्लं की बिघडतं, भलतंसलतं खाल्लं की बिघडतं, आणि विनाकारण औषधं ओतली तर कायमचं बिघडतं. कुठल्याही घरी गेले की आधी ते एक लांब बांबू काढायचे. त्याच्या खालच्या भागाला पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळलेला असायचा. तो टाकीत सरळ तळापर्यंत सोडायचा, थोडं थांबायचं आणि हळूच वर घ्यायचा. टॉवेल जिथपर्यंत काळा, तिथपर्यंत गाळ. काळा भाग एक तृतीयांशाहून कमी असेल, तर ते बांबू पुसून ठेवायचे आणि सांगायचे, "अजून दोन वर्षं झोपा निवांत." मग गाडी रिकामीच परत यायची.

एका बाईंना संडासात रोज फिनेल ओतायची सवय होती. त्यांना बाबा म्हणाले, "वहिनी, आत जे जंतू आहेत ते रात्रंदिवस तुमच्यासाठी राबतात. त्यांना कशाला विष घालता?" त्या बाईंना ते इतकं लागलं म्हणे, की नंतर भेटल्या की त्या बाबांना "कसे आहेत आपले जंतू?" असं विचारायच्या.

टाकीत काय काय सापडायचं! चमचे, किल्ल्या, एक शिट्टी, बाहुलीचं डोकं. एकदा दातांची कवळी सापडली. त्या घरातल्या ज्या म्हाताऱ्या गृहस्थांची ती होती त्यांनी ती ओळखली, नळाखाली धरली, खिशातून डबी काढून तीत ठेवली आणि "उकळून घेईन" म्हणत आत गेले. ही गोष्ट बाबांना जेवतानाच आठवायची. आई ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

मी नर्सिंगला गेले त्या वर्षी बाबांचा खांदा मोडला. पंप चालू असताना पाइपाचा जोड निसटला आणि पाइप उसळून त्यांच्या खांद्यावर बसला. हाड जुळलं, पण हात पूर्वीसारखा वळेना. गिअर टाकता येईना. गाडी महिनाभर गल्लीच्या तोंडाशी नुसती उभी राहिली. बाबा सकाळी उठून तिच्या काचा पुसायचे आणि परत यायचे. असं किती दिवस बघणार? एका सकाळी आईने बाबांचा जुना शर्ट अंगात चढवला, किल्ली घेतली आणि म्हणाली, "शिकवा मला."

ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. तोवर तिने सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. बाबा शेजारी बसले. पहिल्या आठवड्यात तिने आमच्याच मागच्या भिंतीचा कोपरा पाडला.

"ब्रेक! ब्रेक! अगं, ब्रेक!"

"ओरडू नका हो. ऐकू येतं मला. पायाला ऐकू यायला वेळ लागतो."

पण वर्षभरात अशी तरबेज झाली, की ज्या बोळात बाबा स्वतः गाडी घालायला कचरायचे, तिथे ती उलटी गाडी घालायची, दोन्ही आरशांकडे बघत, ओठ घट्ट मिटून. लोक बघायला बाहेर यायचे. गाडी चालवणं आणि पंप सांभाळणं तिच्याकडे, झाकण, बांबू आणि पाइप बाबांकडे. मी सुट्टीत घरी आले तर मागच्या अंगणात आता चार बादल्या होत्या, आणि बाबा पायरीवर बसून आत आवाज देत होते, "कानामागे!" आईने उत्तरादाखल पाण्याचा तांब्या त्यांच्या दिशेने रिकामा केला.

अशाच एका सुट्टीत मी सव्वीस वर्षांची असताना जे घडलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरून निरोप आला होता. टाकी तुंबली आहे, संडासातलं पाणी उलटं येतंय, ताबडतोब या. सकाळचे दहा वाजले असतील. मीही सहज गाडीत बसले, दोघांच्या मधे. पोचलो तर मास्तरांच्या पुतण्याला तेवढाही धीर धरवला नव्हता. त्याने नाक्यावरून दोन मजूर आणले होते. टाकीचं मूळ झाकण होतं नव्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली, आणि मास्तर त्या फरशीला हात लावू देत नव्हते. म्हणून मजुरांनी बाहेरच्या बाजूने, कपडे धुवायच्या दगडाजवळ, टाकीचा स्लॅब फोडून माणूस जाईल एवढं भोक पाडलं होतं. नुकतंच. एक मिशीवाला मजूर शर्ट काढून, कमरेला दोर बांधून त्या भोकाच्या काठावर बसला होता. पाय आत सोडलेले. हातात बादली. दुसऱ्याने दोर धरलेला.

बाबांना पळताना मी आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं. गाडी पुरती थांबायच्या आत ते दार उघडून उडी टाकून उतरले, धावत गेले आणि त्या माणसाच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांनी त्याला मागे खेचलं. मोडलेल्या खांद्यानेही. दोघेही पाठीवर पडले. बादली खडखडत आत गेली.

मिशीवाला शिवी देत उठला. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"आत कुणी उतरणार नाही," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"अहो काका, रोजचं काम आहे आमचं. दोन मिनिटांत उतरतो, भरतो, वर येतो."

"दोनच मिनिटं लागतात."

"कशाला?"

पुतण्या पुढे झाला आणि उगाच तमाशा नको, असं काहीतरी म्हणाला. मिशीवाला पुन्हा कमरेचा दोर घट्ट करायला लागला. तेवढ्यात आई गाडी बंद करून आली. ती बाबांच्या शेजारी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, सांगा त्यांना. आता सांगाच."

बाबा खालीच बसले होते. जमिनीकडे बघत ते बोलायला लागले.

"गाडी यायच्या आधी मी आणि माझा थोरला भाऊ हेच करायचो. दोर आणि बादली. दादा उतरायचा, मी वर. त्या दिवशी झाकण उघडलं आणि लगेच उतरला. घरमालकाला कुठेतरी जायचं होतं, तो घाई करत होता. दादा खालून म्हणाला, 'जरा गरगरतंय रे.' बस, तेवढंच. मी दोर ओढला तर तो जड लागला. हाका मारल्या. मग मीही उतरायला निघालो, एक पाय आतच होता. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. एवढीशी म्हातारी होती. मी तिला ढकललं, कोपर मारलं, पण तिने काही सोडलं नाही. म्हणत होती, एक गेला, दुसरा नको. तिने सोडलं असतं तर मीही तिथेच." त्यांनी मिशीवाल्याकडे पाहिलं. "दादा तुझ्याच वयाचा होता."

मिशीवाल्याने भोकाकडे पाहिलं आणि दोराची गाठ सोडायला लागला. ती सुटेना. शेवटी आईने सोडली.

आमच्या घरात काकांचा फोटो होता. लहानपणापासून मला सांगितलेलं होतं, काका तापाने गेले. मी नर्स झाल्यावर एकदा बाबांना विचारलंही होतं, कसला ताप, किती दिवस होता, अंगावर पुरळ आलं होतं का. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली होती. तीन दिवस. पुरळ नव्हतं.

टाकी अजून तुंबलेलीच होती. बाहेरचं भोक दुसऱ्या कप्प्यावर पडलं होतं आणि गाळ होता पहिल्या कप्प्यात, स्वयंपाकघराखाली. मास्तर दारात उभे होते, उंच, वाकलेले, शाळेतल्यासारखे हात पाठीमागे.

"फरशी फोडायची नाही," ते म्हणाले. "तिने निवडली होती. तीन दुकानं फिरून." मास्तरीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या.

बाबा आत गेले. फिकट फरशीवर निळी नक्षी होती. गजाच्या टोकाने हळूहळू ठोकत त्यांनी पोकळ आवाज कुठे येतो ते शोधलं. "चार फरशा काढाव्या लागतील, मास्तर. अख्ख्या काढतो."

"निघतील?"

"दिवस जाईल. पण निघतील."

आणि दिवस गेला. पातळ पात्याने ते सांध्यातलं सिमेंट खरवडत राहिले. आई शेजारी बसून ओल्या फडक्याने भुगा टिपत होती. मास्तर खुर्ची घेऊन समोरच बसले होते, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसे. हळूहळू ते सांगायला लागले, तिने ही खिडकी इथेच का हवी म्हटलं, उजेड ओट्यावर कसा पडायला हवा होता. बाबा खरवडता खरवडता "हं, बरोबर" म्हणत होते. तीन फरशा सलग निघाल्या. प्रत्येकीच्या मागे बाबांनी खडूने आकडा घातला. चौथीला शेवटच्या क्षणी एक बारीक तडा गेला. बाबांचा चेहरा असा पडला, की मलाच कसंतरी झालं. मास्तर उठले, वाकून तडा बघितला, त्यावरून बोट फिरवलं. "कोपऱ्यातली आहे," ते म्हणाले. "हिच्यावर कपाट सरकवू."

झाकण उघडून सगळे बाहेर आले. खिडक्या, दारं सताड उघडी टाकून वाट पाहिली. मग आईने पंप सुरू केला. बाबा एका हाताने पाइप ओढायला लागले तर तो पुढे सरकेना. तेव्हा मिशीवाला, जो दुपारभर भिंतीच्या सावलीत नुसता बसून होता, उठला आणि न बोलता पाइपाचं दुसरं टोक त्याने खांद्यावर घेतलं. त्याचा जोडीदार केव्हाच निघून गेला होता.

संध्याकाळी मागच्या पायरीवर मी बाबांना म्हटलं, "तुम्ही मला ताप सांगितलात."

"लहान होतीस."

"आता सव्वीस वर्षांची आहे."

"हो." ते चहाच्या कपात बघत होते. "मधल्या काळात सांगायला वेळच मिळाला नाही बघ."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. आईने दोघांच्या मधे बिस्किटांची बशी ठेवली आणि आत गेली.

मिशीवाला त्यानंतर दोन दिवसांनी घरी आला. पुढच्या दाराशी उभा राहून त्याने विचारलं, माणूस हवाय का. बाबांनी त्याला बांबू कसा सोडायचा इथपासून शिकवलं. चार वर्षं तो आईबाबांबरोबर होता. आई म्हणायची, आता मला सहा बादल्या भराव्या लागतात, मी काय विहीर आहे? पण त्याला साबण ती वेगळा आणायची, त्याला आवडणाऱ्या वासाचा.

मग रस्ते खोदले गेले. गटाराची लाइन आली. एकेक घर तिला जोडलं गेलं आणि बोलावणी विरळ होत गेली. वर्षभर तिघांनी कसंबसं रेटलं. शेवटी मिशीवाल्याने गाडी त्याच्या बायकोच्या गावी न्यायची ठरवली. तिकडे लाइन यायला अजून बराच अवकाश होता. गाडी गेली त्या सकाळी आईने त्याला तीनदा सांगितलं, की दुसरा गिअर जरा अडतो, त्याला जबरदस्ती करायची नाही. गाडी वळल्यावर बाबा गल्लीच्या तोंडाशी गेले. इतकी वर्षं गाडी उभी राहून भिंतीवर तेलकट काळा पट्टा उमटला होता. तो बघत थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतर ते सात वर्षं जगले. घरात पेपर वाचायचे, आईला भाजी निवडून द्यायचे. टोकाच्या वस्तीत लाइन कधी पोचलीच नाही, त्यामुळे अधूनमधून तिकडून फोन यायचे. घर विकत घेतलंय, टाकी कुठे आहे तेच कळत नाही, कुणीतरी तुमचा नंबर दिला. बाबा डोळे मिटायचे आणि सांगायचे: मागच्या पायरीपासून चार पावलं, लिंबाच्या झाडाकडे तोंड करून, मग डावीकडे. झाड नाही? मग खुंट असेल बघा.

शेवटच्या आजारपणात ते बिछान्यालाच खिळले होते. मी रजा घेऊन आले होते. एका दुपारी असाच एका बाईचा फोन आला. आईने तो त्यांच्या कानाला धरला. बाबांनी जागा सांगितली. मग क्षीण आवाजात विचारलं, "घरात माणसं किती?"

"आम्ही दोघंच," पलीकडून आवाज आला.

"मग घाई नाही. पुढच्या वर्षी बघा."

त्यानंतर दहा-बारा दिवसांत ते गेले.

पुढच्या वर्षी त्या बाईंनी खरंच फोन केला. मी तेव्हा आईकडेच होते. "टाकीकाका आहेत का?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि खुर्ची ओढून बसली.

"ते नाहीत आता. मी आहे. पाणी उलटं येतंय की नुसता वास येतोय, आधी ते सांगा," ती म्हणाली.